गाडीची काळी काच उन्हापासून त्वचा वाचवते का?

“डॉक्टर, उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठतात. गाडीला काळी फिल्म लावू का?” ल्युपस किंवा वांग असलेले अनेक रुग्ण हे विचारतात. काच काळी दिसली म्हणजे त्वचा सुरक्षित झाली, असे मात्र नाही.

काचेतून काय आत येते?

उन्हात डोळ्यांना दिसणारा प्रकाश, उष्णता देणारे अवरक्त किरण आणि त्वचेला त्रास देणारे अतिनील किरण असतात. अतिनील किरणांपैकी यूव्हीबी साध्या काचेनेही बहुतांशी अडतात. यूव्हीए मात्र आत येऊ शकतात. समोरची काच दोन थरांची असल्याने ती यूव्हीए जवळपास पूर्ण अडवते. बाजूच्या काचांचे तसे नसते. गाडीगणिक फरक पडतो. काळा रंग मुख्यतः उजेड कमी करतो. यूव्हीए किती अडतात, हे काचेच्या किंवा फिल्मच्या माहितीपत्रकातच पाहावे लागते.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १०० नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवरील काळ्या फिल्मना मनाई केली. डॉक्टरांच्या चिठ्ठीने ही मर्यादा बदलत नाही. मोतीबिंदू असलेल्यांना तर रात्री गडद काचेतून गाडी चालवणे धोक्याचे.

मग काय करावे?

• नवी गाडी घेताना कंपनीनेच बसवलेली यूव्ही-कट काच मागा. पारदर्शक फिल्म लावायची असेल, तर आधी वसईच्या आरटीओत विचारा.
• बसायची जागा बदला. विरारहून महामार्गाने सकाळी मुंबईकडे जाताना पूर्व डावीकडे असते. संध्याकाळी परतताना पश्चिमही डावीकडेच येते. रुग्णाला चालकाच्या मागे, उजवीकडे बसवा.
• निघण्यापूर्वी ब्रॉड-स्पेक्ट्रम, किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावा. लांब बाह्यांचे कपडे घाला. पावसाळी ढगांतूनही यूव्हीए येतात.
• काही औषधांनी त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. पुराच्या पाण्यात चालल्यावर लेप्टोसाठी दिली जाणारी डॉक्सीसायक्लिन आणि रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायझाइड ही त्यांतली दोन. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

उभ्या गाडीतील उष्णता

कोणतीही काच असो, उन्हात उभी गाडी काही मिनिटांत तापते. खिडकी थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. मूल, वृद्ध व्यक्ती किंवा इन्सुलिन क्षणभरही गाडीत ठेवून जाऊ नका.

ल्युपसच्या रुग्णाला उन्हानंतर नवे चट्टे, ताप, सांधेदुखी किंवा तोंडात फोड आले, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. उन्हाने ल्युपस पुन्हा उसळू शकतो, आणि तो फक्त त्वचेपुरता राहत नाही.