धरण, देवराई, डंपिंग ग्राउंड : महाराष्ट्रातल्या पर्यावरणीय समाजशास्त्राचा मागोवा

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे प्रमुख होते पॅट्रिक गेडीस. हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे जीवशास्त्राचे आणि पुढे नगररचनेकडे वळलेले. त्यांनी इंदूर संस्थानासाठी १९१८मध्ये केलेला अहवाल नगररचनेच्या इतिहासात आजही मानाने सांगितला जातो. जागा, काम आणि माणसं या तिन्हींचा विचार एकत्रच करायचा, ही त्यांची रीत होती. म्हणजे आज ज्याला पर्यावरणीय समाजशास्त्र म्हणतात, तो प्रश्न घेऊनच आपल्याकडचा हा विभाग जन्मला. गेडीस १९२४मध्ये विभागातून गेले आणि डॉ. गो. स. घुर्ये आले. घुर्यांनी जात, जमात, धर्म, संस्कृती या विषयांत केलेलं काम फार मोठं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माती-पाण्याचा धागा तिथे सुटला.

तो धागा लखनौला राधाकमल मुखर्जी यांनी धरून ठेवला. त्यांच्या १९१६च्या पुस्तकाला गेडीस यांचीच प्रस्तावना होती. १९२६मध्ये त्यांचं प्रादेशिक समाजशास्त्रावरचं पुस्तक आलं, १९३८मध्ये बंगालमधल्या बदलत्या नद्या आणि त्यांवरची शेती यांचा अभ्यास, १९४२मध्ये सामाजिक परिसरशास्त्रावरचा ग्रंथ. एवढं करूनही मुखर्जींच्या मागे या विषयाची शिष्यपरंपरा फारशी उभी राहिली नाही.

महाराष्ट्रात हा विषय पुन्हा उगवला तो विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात नाही. तो उगवला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, घुर्यांच्याच विद्यार्थिनीकडून. कोयनेचं धरण झालं, पाटण आणि जावळीकडची खोऱ्यातली गावं उठली, भात-नाचणी पिकवणारी कुटुंबं दूरच्या अनोळखी तालुक्यांत पांगली. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी त्या माणसांची पाहणी केली. तिचा अहवाल १९६९मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी इरावतीबाई गेल्या. 'युगान्त'मुळे त्या घराघरांत पोहोचल्या, हा अहवाल मात्र ग्रंथालयातच राहिला. मला तो त्यांच्या मोठ्या कामांपैकी एक वाटतो. धरणाचा आराखडा काढणाऱ्यांनी भिंतीची उंची, पाण्याचा साठा, विजेचे युनिट सगळं मोजलं होतं. उठलेल्या कुटुंबाचं पुढे काय होतं, हे मोजायला त्या दोघी गेल्या. घरटी विचारपूस करायची, मोबदल्याचा पैसा कशात गेला, भावकी कुठे कुठे विखुरली, नव्या गावाने कसं वागवलं, हे लिहून काढायचं, हा तो अभ्यास. देशात 'विस्थापन' हा अभ्यासविषय म्हणून रुळायला त्यानंतर बराच काळ जावा लागला.

अमेरिकेत याच सुमाराला हालचाल सुरू होत होती. तिथल्या समाजशास्त्र संघटनेत पर्यावरणाचा स्वतंत्र विभाग १९७६मध्ये स्थापन झाला. दोन वर्षांनी कॅटन आणि डनलॅप यांनी आपल्याच विषयाला खडसावलं : निसर्गाच्या मर्यादा माणसाला जणू लागूच नाहीत अशा थाटात समाजशास्त्र लिहिलं जातं, हे थांबलं पाहिजे. जपानमध्ये नोबुको इजिमा मिनामाताच्या पारा-विषबाधेपासून सुरुवात करून औद्योगिक प्रदूषणाची साद्यंत नोंद करत होत्या. हारुतोशी फुनाबाशी यांनी नागोयात शिंकानसेन गाडीच्या आवाजाचा अभ्यास केला : वेगाचा फायदा देशभरातल्या प्रवाशांना, कंप आणि गोंगाट रुळालगतच्या घरांना. आपल्याकडे पाटबंधारे खात्याच्या कागदांवर लाभक्षेत्र आणि बुडीत क्षेत्र अशी जी विभागणी असते, तिचंच हे शास्त्र. जपानी अभ्यासकांनी १९९२मध्ये आपली संघटना बांधली. आपल्याकडे संघटना झाली नाही. पण त्याच १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशातला असा तो पहिला कायदा. लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदाराकडून ठरावीक मर्यादेपुढची जमीन घेऊन ती धरणग्रस्ताला द्यायची, हे त्याचं सूत्र. धरणग्रस्तांच्या परिषदा आणि बाबा आढावांसारखे कार्यकर्ते यांनी हे सूत्र रेटलं. समाजशास्त्राच्या पुस्तकात जो विचार नंतर आला, तो इथे मोर्च्यांतून कायद्यात गेला.

याच काळात पुण्यात आणखी एक काम चाललं होतं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद करत हिंडत होते. वर्तक वनस्पतिशास्त्रज्ञ, गाडगीळ परिसरशास्त्रज्ञ. पण देवराई राखते कोण, का राखते आणि केव्हा राखायचं सोडून देते, हे प्रश्न समाजाचे होते. इरावतीबाईंच्या हाताखाली तयार झालेले कैलास मल्होत्रा हे मानववंशशास्त्रज्ञ पुढे गाडगीळांबरोबर आले. या जोडीचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमाती, नंदीवाले, फासेपारधी आणि वैदू, यांच्या शिकारीचा त्यांनी अभ्यास केला. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर मारायचे. फासेपारधी फास लावून हरणं आणि पक्षी धरायचे. वैदू लहान मांसाहारी प्राणी आणि पाण्यातले जीव पकडायचे. एकाच माळावर तिघांचा वावर, पण एकाची शिकार दुसऱ्याच्या वाट्याला सहसा जात नाही. जातीजातींनी निसर्ग वाटून घेतला होता, असं या अभ्यासातून दिसलं. जातिव्यवस्थेकडे बघायची ही नवी खिडकी होती. ती धोक्याचीही होती, कारण अशी वाटणी म्हणजे निव्वळ सोय असं कुणी वाचलं, तर त्या वाटणीत कुणाच्या वाट्याला मेलेलं ढोर आलं आणि कुणाच्या वाट्याला विहीर, हा प्रश्न मागे पडतो. गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या १९९२ आणि १९९५च्या पुस्तकांनी हा सगळा विचार देशभर नेला. पण जातीच्या या प्रश्नाचं उत्तर द्यायला बराच उशीर झाला; त्याकडे पुढे येतो.

१९७२च्या दुष्काळाने पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. गोखले संस्थेत सुलभा ब्रह्मे यांनी त्या दुष्काळाचा अभ्यास करून सिंचनाच्या नियोजनाचा आग्रह धरला. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४पासून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही वाचून अंगावर काटा येतो, इतके सरळ आहेत : पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने मिळेल, भूमिहीनालाही वाटा मिळेल, ऊस लावायचा नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. १९८०च्या दशकात सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर गावकऱ्यांनी वाळू विकून बळीराजा धरण बांधलं आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी तिथून पसरली. भारत पाटणकर, के. आर. दाते, गेल ऑम्व्हेट ही मंडळी या कामात होती. ऑम्व्हेट बर्कलेच्या समाजशास्त्रज्ञ, संसार कासेगावला.

म्हणूनच नर्मदेवरच्या धरणाच्या वादात ऑम्व्हेट यांनी घेतलेली भूमिका अनेकांना टोचली. १९९९मध्ये अरुंधती रॉय यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यांनी विचारलं की दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला पाणी नको का? त्याआधी चारच वर्षं अमिता बाविस्कर यांचं नर्मदाखोऱ्यातल्या भिलाला आदिवासींवरचं पुस्तक आलं होतं. बाविस्कर धरणविरोधी आंदोलनाच्या बाजूच्या, पण त्यांनीही गोड चित्र रंगवलं नाही. आदिवासी जंगल तोडून नवी शेतं काढतो, वनखात्याशी त्याचा रोजचा झगडा आहे आणि निसर्गरक्षक ही प्रतिमा बऱ्याचदा शहरातून त्याच्या अंगावर घातलेली आहे, हे त्यांनी लिहिलं. या दोघींना एका बाकावर बसवून वाचावं असं मला नेहमी वाटतं. एकीकडे अक्कलकुवा-अक्राणीतली बुडणारी गावं, दुसरीकडे आटपाडीचा कोरडा माळ. दोन्ही ठिकाणची माणसं खरी. हा वाद समाजशास्त्राच्या वर्गात शिकवायला हवा होता. तो बहुतेक वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत झाला आणि विरला.

जातीच्या प्रश्नाला मात्र या सगळ्या मंडळींनी फार उशिरा हात घातला. मुकुल शर्मा यांचं दलित आणि पर्यावरण या विषयावरचं पुस्तक २०१७चं. पाणी सार्वजनिक असणं म्हणजे काय, हे महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिलं होतं. पर्यावरणाच्या चळवळींचा इतिहास चिपकोपासून, फार तर १९२१च्या मुळशी सत्याग्रहापासून सुरू करणाऱ्यांनी तळ्याचा सत्याग्रह दुसऱ्या खणात ठेवला. अमेरिकेत रॉबर्ट बुलार्ड यांनी १९७९मध्ये ह्यूस्टन शहरातले कचराडेपो मोजले आणि महापालिकेचे पाचही डेपो काळ्या वस्त्यांत आहेत हे दाखवलं. तिथून पर्यावरणीय न्यायाची अख्खी शाखा फुटली. आपल्याकडे मुंबईत देवनारचं डंपिंग ग्राउंड आहे, तेही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच सालचं, १९२७पासूनचं. त्याच्या आसपासचा एम-पूर्व प्रभाग २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात तळाला होता. टाटा समाजविज्ञान संस्था त्याच प्रभागात आहे. संस्थेने २०११मध्ये प्रभागाच्या सुधारणेचा प्रकल्प हाती घेतला, हे चांगलं झालं. पण कचरा वेचणारा कोण, कुठल्या जिल्ह्यातून आला, कुठल्या जातीचा, याची बुलार्ड यांच्या नकाशासारखी सलग नोंद अजून वाचकांपर्यंत आलेली नाही.

आजची स्थिती अशी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीला पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला त्याला वीस वर्षं होऊन गेली. बहुतेक ठिकाणी तो ओझोन, जैवविविधता आणि शेवटी एक प्रकल्पवही यांत संपतो. खोलवर काम सोपेकॉमसारख्या पुण्यातल्या संस्थांत होतं. त्यांनी पाणीतंट्यांचे केलेले अभ्यास कुठल्याही विद्यापीठाला अभिमान वाटावा असे आहेत. पण संस्था निधीवर चालतात. प्रकल्प संपला की माणसं दुसऱ्या प्रकल्पावर जातात. मागच्या शंभर वर्षांत या विषयात जे काही उत्तम झालं, ते मानववंशशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, इंजिनिअर आणि कार्यकर्त्यांनी केलं. ज्या विभागांचा हा विषय होता, त्यांनी तो आपला म्हटला नाही, म्हणून एकाने केलेल्या पाहणीवर दुसऱ्याने दहा वर्षांनी पुन्हा जाऊन भर घातली असं क्वचितच घडलं.

शिवाय यातलं पुष्कळसं इंग्रजीत आहे. ज्यांच्या घरांची, शेतांची, शिकारीची नोंद झाली, त्यांच्या नातवंडांना ती वाचता येत नाही. ही नातवंडं आज पाटण, धडगाव, गोवंडीच्या महाविद्यालयांत शिकत असतील. समाजशास्त्र शिकवणाऱ्या मित्रांना माझी विनंती एवढीच : आपापल्या विभागाने एक धरण, एक देवराई किंवा एक कचराडेपो निवडावा, त्यावर आधी झालेला अभ्यास मराठीत आणावा, आणि दर पाच वर्षांनी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे परत जावं. पहिला अहवाल पुढच्या वर्षी निघू शकतो.