वाऱ्याला वाट द्या!

मित्रांनो, मे महिन्यातली दुपार आठवा. अंगाची लाही लाही होत असते, झाडाचं पानसुद्धा हलत नाही. अन् मग चार-पाचच्या सुमाराला आभाळ काळंकुट्ट होतं, धुळीचा लोट उठतो आणि वळवाचा वारा सुटतो! अशा वेळी धाराशिव जिल्ह्यात, भूम-परांड्यापासून उमरग्यापर्यंत, मोठ्या माणसांची नजर जाते ती पत्र्याकडं. राहतोय का उडतोय?

पूर्वी इथल्या गावांत दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद असायचं. ते कुठल्याच वाऱ्याला उडत नसे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत आणि आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावांत तीच जड माळवदं कोसळली आणि हजारो माणसं गाडली गेली. हलकं छप्पर भूकंपात बरं, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. पण हलक्या छपराचा वैरी वेगळा आहे, तो म्हणजे वारा.

आता थोडं गणित करू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो! ताशी ६० किलोमीटरचा वारा एक चौरस मीटरवर साधारण १७ किलो वजनाइतका रेटा देतो. वेग १२० झाला की तोच रेटा ६८ किलो! वारा छपरावरून जोरात सरकतो तेव्हा पत्रा वर ओढला जातो आणि शेडच्या मोकळ्या बाजूनं आत शिरलेला वारा त्याला खालून ढकलतो. दहा फूट बाय दहा फूट छपराचे पत्रे असतात चाळीसेक किलोंचे. त्यांना उचलणारा जोर मात्र ६० च्या वाऱ्यातही दीडशे किलोंच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून वर ठेवलेले धोंडे पुरत नाहीत. उलट पत्र्याबरोबर तेही खाली येतात, अन् खाली असेल त्याच्या डोक्यात बसतात.

शेतातल्या हिरव्या शेडनेटचं काय? एक प्रयोग करा. टेबलफॅनसमोर आधी ताट धरा, मग तेवढीच गव्हाची चाळण धरा. ताट हाताला मागं रेटतं, चाळण तेवढी रेटत नाही. कारण चाळणीनं वाऱ्याला वाट दिली! जाळीचंही तसंच. पण ती धुळीनं बुजली, तिच्यावर पालापाचोळा साचला किंवा कुणी वरून प्लास्टिकचा कागद पांघरला, की चाळणीचं ताट झालंच म्हणून समजा.

जाळीच्या अशा मांडवाची काळजी दूरदेशीही असते बरं का! अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात डास-किड्यांपासून बचाव म्हणून घरामागचं अंगण आणि पोहण्याचा तलाव जाळीनं झाकतात. सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. ऑगस्ट १९९२ मध्ये तिथं ‘अँड्र्यू’ चक्रीवादळानं हाहाकार केला, तेव्हापासून बांधकामाचे नियम कडक झाले. काही जाळीघरं तर अशीच आखलेली असतात, की ताशी १२० किलोमीटरच्या वर वारा येणार असं कळलं तर जाळी आधीच काढायची किंवा कापून टाकायची. का? कारण जाळी पुन्हा ताणता येते, पण सांगाडा वाकला तर सगळंच गेलं!

हीच युक्ती आपल्याकडंही लागू पडते. शेडनेटची जाळी पट्टीत झिगझॅग स्प्रिंगनं बसवलेली असेल, तर वादळाचा इशारा आल्यावर मोठी माणसं ती वेळेत सोडवू शकतात. वारा सुटल्यावर मात्र त्या नादी लागायचं नाही.

आणि दुरुस्ती? ती वादळानंतर नाही, वादळाआधी! येत्या रविवारी आई-बाबांबरोबर शेडभोवती एक चक्कर मारा. वर चढायचं नाही हं, खालूनच पाहायचं. पत्र्याचे हुक आणि नट-बोल्ट ढिले झालेत का? हुकाखालचा वायसर झिजून भोक मोठं झालंय का? पत्रे बहुधा कडेनंच सुटायला लागतात, म्हणून कडेचे हुक आधी बघा. पाइप जमिनीत शिरतो तिथं ओल राहते, गंज तिथंच धरतो. काळ्या मातीत खांब असेल तर तो हलवून बघायला सांगा. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, अन् खांब सैल होतो. उन्हानं कडक होऊन चुरायला लागलेली जाळी शिवत बसू नका, बदलायला सांगा. वहीत सगळं लिहून ठेवा. दहा-वीस रुपयांचा बोल्ट वेळेवर आवळला, तर हजारोंचा पत्रा वाचतो.

शेवटची गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वारा सुटल्यावर पत्रा धरायला कुणीही धावायचं नाही. तुम्ही नाही आणि बाबांनीही नाही! सुटलेला पत्रा कोयत्यासारखा कापतो. विजा कडाडत असतील तर शेडनेटखाली किंवा झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा. तारेवर पत्रा पडला असेल तर त्याच्या जवळही जाऊ नका, आधी वीज बंद करायला लावा.

पत्रा विकत आणता येतो, जाळीही आणता येते. माणूस नाही आणता येत, खरं ना?