राब

भात पावसाळ्यात पिकते, ही शहरातल्या माणसाची समजूत आहे. आमच्या आजोबांच्या मते ते फाल्गुनात पिकत असे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेनजीक, किन्हवलीहून सरळगावाकडे जाणाऱ्या वाटेच्या आसपास, आमची खाचरे आहेत. होळी पेटून गेलेली, वाल झोडून झालेले आणि सारा गाव लग्नसराईच्या गडबडीत रमलेला, अशा दिवसांत हा साठी उलटलेला गृहस्थ कमरेच्या आकडीत कोयता अडकवून भल्या पहाटे माळाकडे निघालेला दिसे. आणि त्याच्या मागोमाग, इच्छा असो वा नसो, चार मुलगे, त्यांच्या बायका आणि आम्ही नातवंडे निघत असू.

राब भाजणे हे काम पाहणाऱ्यास पालापाचोळा पेटवण्याइतके सोपे वाटते; वस्तुतः तो थरांचा हिशेब आहे. पुढे जेथे आवण, म्हणजे भाताची रोपे, वाढवायची, त्या किंचित उंचावरच्या जागेवर आधी वाळलेले शेण चुरून पसरावयाचे. त्यावर आधीच तोडून वाळत टाकलेला ऐनाचा टहाळ. त्यावर पातेरा आणि गवत. आणि सर्वांत वर, ढेकळे फोडून बारीक केलेल्या मातीचा पातळ थर. या शेवटच्या थराविषयी आजोबा विलक्षण काटेकोर असत, कारण माती कमी पडली तर जाळ भडकून क्षणात विझतो आणि जमीन कोरीच राहते, अधिक पडली तर तो आतल्या आत गुदमरतो. काडी लावण्यापूर्वी ते मूठभर धूळ उंचावरून सोडून वाऱ्याचा रोख पाहत आणि वारा ज्या अंगाला वाहत असेल त्या अंगाच्या टोकाला आग लावीत, म्हणजे जाळाला वाऱ्याच्या तोंडावर मुंगीच्या पावलाने सरकावे लागे. ‘जाळ पळाला, की राब गेला,’ एवढेच ते म्हणत. संथपणे धुमसणाऱ्या त्या जागेत तणाचे बी मरे, राखेचे खत मिळे आणि माती इतकी भुसभुशीत होई, की आषाढात आवण उपटताना मुळे न तुटता मुठीच्या मुठी हाती येत.

परंतु राबाला टहाळ हवा आणि टहाळाला माळ हवा. महसुली दप्तरात अशा जमिनीला ‘वरकस’ म्हणतात: उतरणीची, खडकाळ, नाचणी-वरीपलीकडे फारसे काही न देणारी. टहाळाच्या हक्कावरून या जिल्ह्यात पूर्वी एवढी गाऱ्हाणी झाली होती, की १८८५ साली मुंबई सरकारला जंगलविषयक तक्रारींसाठी स्वतंत्र कमिशन नेमावे लागले. आजोबा मुळात कूळ. मळणी झाली, की खंडाचे भात खळ्यावरच मोजून द्यावे आणि उरेल त्यावर वर्ष काढावे, अशी त्यांची उमेदीची वर्षे गेलेली. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळाला मालक मानण्यात आले, तेव्हा त्या कायद्याच्या ‘३२ ग’ कलमाखालच्या चौकशीत ते कचेरीत जाऊन उभे राहिले. खाचरांचे नंबर त्यांनी सांगितलेच. पण वरकसाचा नंबरही हट्टाने नोंदवून घेतला, आणि स्वतःस अक्षरओळख नसल्यामुळे फेरफाराची नोंद तलाठ्याकडून तीनदा वाचून घेतली. खडकाची खरेदी-किंमत कोण भरतो, म्हणून शेजारी हसले. आजोबांनी त्या किमतीचे हप्ते त्याच माळावरच्या गवतावर फेडले. मुंबईच्या तबेल्यांना तेव्हा आमच्याकडून गवताचे भारे जात.

घर चालवण्याची त्यांची रीत याहून निराळी नव्हती. नवे भात कणगीत पडण्यापूर्वी बियाणे बाजूला निघे. उंच खाचराला हळवे, मधल्याला निमगरवे, सखलाला गरवे, म्हणजे कापणी दसऱ्यापासून दिवाळीपलीकडे टप्प्याटप्प्याने येई आणि घरचीच माणसे तिला पुरी पडत. मुलांच्या वाटण्या त्यांनी हयातीतच केल्या, आणि प्रत्येकाच्या खाचरामागे वरकसाचा तुकडा जोडून दिला. या दूरदृष्टीची किंमत मात्र नेहमी तेच भरत होते असे नाही. राब अर्धा राहिला म्हणून एका चुलतीला तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नाला त्यांनी एक दिवस उशिरा पाठवले. तिची हळद चुकली, आणि ती हे अद्याप विसरलेली नाही. न भाजताही गादीवाफ्यावर उत्तम रोपे तयार होतात, हे कृषिशास्त्रज्ञांचे म्हणणे आता सिद्ध झाले आहे, आणि माझे भाऊ तसेच करतात. ते ऐकावयास आजोबा असते तर त्यांनी एवढेच विचारले असते, की वाफ्याचे शेणखत कोणत्या महिन्यात भरले.

शेवटच्या फाल्गुनात त्यांचे पाय चालेनासे झाले होते. त्यांना खाटेसकट माळाच्या कडेला नेऊन ठेवले. त्यांनी धूळ मागितली, मुठीतून सोडली आणि काडी कोठे लावायची ते बोटाने दाखवले. वैशाखात ते गेले. मृगाचा पाऊस वेळेवर आला, आषाढात लावणी झाली, आणि त्या वर्षी आमच्या खाचरांत जे आवण लागले ते त्यांच्याच राबावरचे होते. भात नेहमीइतकेच झाले.