स्टँड मिक्सर घेताना वॉट बघू नका, मिनिटं बघा

धाराशिव, कळंब, उमरगा, तुळजापूर इथे घरच्या घरी केक करून देणाऱ्या बायका-मुली आता बऱ्याच दिसतात. ओटीजी असतो, टर्नटेबल असतं, नोझलचा डबा असतो. पुढची मोठी खरेदी म्हणजे स्टँड मिक्सर. सहा ते दहा हजारांच्या आसपासचं यंत्र ऑनलाइन बघून मागवलं जातं, कारण हात लावून बघता येईल असं ते आपल्याकडच्या दुकानात सहसा नसतं. मग भरवसा उरतो तो खोक्यावरच्या आकड्यांवर आणि ऐकीव माहितीवर. एकेक केक विकून साठवलेले पैसे त्यात अडकतात, म्हणून त्या ऐकीव गोष्टी आधी तपासलेल्या बऱ्या.

“जितके जास्त वॉट, तितकी जास्त ताकद”

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. मोटर वीज किती ओढते, एवढंच वॉटवरून कळतं. हुकापर्यंत जोर किती पोचतो, ते कळत नाही. किचनएडचं प्रसिद्ध ‘आर्टिसन’ यंत्र जेमतेम ३०० वॉटचं आहे आणि स्वस्तातल्या खोक्यांवर १२००-१३०० वॉट छापलेले असतात. पीठ मळायला वेग नको, संथ आणि सलग जोर हवा. चांगल्या यंत्रात तो दणकट गिअरमधून येतो. स्वस्त यंत्रात मोटर भयंकर वेगाने फिरते आणि तिच्या विजेचा बराच भाग उष्णतेत आणि आवाजात जातो.

खरा आकडा यंत्राच्या बुडाला असतो. यंत्र आडवं करून खालची छोटी पट्टी वाचा. व्होल्ट, हर्ट्झ, वॉट यांच्या शेजारी ‘केबी ५ मिनिट’ किंवा ‘केबी १० मिनिट’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. ‘केबी’ हे सलग चालवण्याच्या मर्यादेचं जर्मन संक्षिप्त रूप आहे. तेवढी मिनिटं झाली की यंत्र बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं. पावासाठी मैदा नीट मळायला आठ-दहा मिनिटं सहज लागतात. म्हणजे ‘केबी ५’च्या यंत्रावर गोळा अर्ध्यातच थांबवावा लागणार. ऑनलाइन घेताना या पट्टीचा फोटो विक्रेत्याकडे मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर मी ते यंत्र घेणार नाही.

तरीही कमी मिनिटांच्या यंत्रावर पाव होतो. दोन मिनिटं फिरवून पीठ नुसतं एकत्र करा आणि झाकून वीस मिनिटं ठेवा. पाणी मुरलं की मैद्यातलं ग्लुटेन आपोआप जुळू लागतं आणि नंतर तीन-चार मिनिटं मळणं पुरतं. पुरणपोळीची कणीक भिजवून मुरत ठेवतात, त्यामागेही हेच आहे. ‘एक किलो पीठ मळतं’ असा दावा असला, तरी या किमतीच्या यंत्रात एका वेळी अर्ध्या किलोच्या वर जाऊ नये आणि हुक सगळ्यात कमी वेगावरच ठेवावा.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. रब्बीत पंप सुरू झाले की कितीतरी गावांत व्होल्टेज पडतं आणि पंखा रेंगाळायला लागतो. अशा वेळी मिक्सरच्या मोटरचा जोर घटतो आणि तिला गार ठेवणारा आतला पंखाही मंदावतो. घट्ट गोळा घातलेला असेल, तर मोटर जळण्याची हीच वेळ. व्होल्टेज पूर्ण येईपर्यंत मळणं थांबवा आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तर ते करूच नका.

“स्टँड मिक्सरशिवाय केक हलका होत नाही”

आपल्याकडच्या बऱ्याच ऑर्डरी बिनअंड्याच्या केकच्या असतात. त्या केकला हलकेपणा येतो तो दही आणि सोडा किंवा बेकिंग पावडर यांच्या वायूतून. मैदा पडल्यावर मिश्रण जितकं जास्त फेटाल, तितकं ग्लुटेन वाढतं आणि केक चिवट होतो. तिथे साधी तारेची फेटणी आणि हलका हात हवा, यंत्राने नुकसानच होतं. अंड्याच्या स्पंजमध्ये अंडी-साखर फेसावी लागते हे खरं, पण ते काम दीड-दोन हजारांचा हँड बीटर व्यवस्थित करतो.

क्रीम फुलत नाही म्हणून यंत्राला दोष देतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा तापमान असतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. क्रीम, भांडं आणि बीटर तिन्ही गार हवेत आणि भांड्याखाली बर्फाची परात हवी. ही परात हँड बीटरला सहज जमते, स्टँड मिक्सरच्या घट्ट बसणाऱ्या भांड्याखाली ती ठेवायला जागाच नसते. शिवाय किराणा दुकानात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्केच स्निग्धांश असतो. कोणत्याही यंत्राने ते ताठ उभं राहत नाही.

“भांडं मोठं असलेलं बरं”

अर्ध्या किलोच्या केकला क्रीम लागतं दोनशे ग्रॅमच्या आसपास. साडेपाच-सहा लिटरच्या भांड्यात ते तळाशी पसरतं आणि तारांची टोकंही नीट बुडत नाहीत. अर्ध्या-एक किलोच्या ऑर्डरी असतील, तर चार-साडेचार लिटर पुष्कळ झालं. बीटर आणि तळ यांतलं अंतर स्क्रूने कमी-जास्त करता येतं का, हे विचारा. स्वस्त यंत्रांत ही सोय क्वचितच असते, पण असली तर लहान मापाचं काम फार सोपं होतं.

“ज्वारीच्या बिस्किटांना यंत्राने जास्त मळावं लागतं”

ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे ते पीठ कितीही मळलं तरी त्याला गव्हासारखी ओढ येत नाही. भाकरीला आपण उकळतं पाणी घालतो ते त्याचसाठी. ज्वारीच्या बिस्किटांत किंवा नानकटाईत मेहनतीचं काम एकच, तूप आणि पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेसणं. तिथे स्टँड मिक्सरचा चपटा बीटर खरोखर हात वाचवतो. खव्याच्या केकचंही तसंच. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे. असा खवा हाताशी असताना त्याचा केक इथल्या बेकरांनी आवर्जून करावा, असं मला मनापासून वाटतं. लोणी, साखर आणि कुस्करलेला खवा चपट्या बीटरने कमी वेगावर एकजीव होतो. तारांचा बीटर त्यात घातला, तर तारा वाकतात.

थोडक्यात, पाव, बन, खव्याचे केक आणि बिस्किटांचे घाणे लागोपाठ निघत असतील, तर स्टँड मिक्सरचे पैसे वसूल होतात. नुसते बिनअंड्याचे क्रीम केक करत असाल, तर चांगला हँड बीटर घ्या आणि उरलेले पैसे ओटीजीत किंवा फ्रीजमध्ये घाला.

“अमेरिकेहून भावाला आणायला सांगू, अ‍ॅडाप्टर लावला की झालं”

अ‍ॅडाप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. थेट लावलं तर यंत्र जळेल. त्यासाठी पुरेशा क्षमतेचा वजनदार स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तिकडची वॉरंटी सहसा इथे चालत नाही.

विजेच्या बिलाची भीती मात्र सोडून द्या. हजार वॉटचं यंत्र पूर्ण ताकदीने पंधरा मिनिटं चाललं, तरी पाव युनिट जळतं. बिल वाढतं ते ओटीजीने.

“मोटरवर पाच वर्षांची वॉरंटी आहे, काळजी नाही”

या यंत्रांत मोटरच्या आधी गिअर झिजतो, हुक सैल होतो किंवा डोक्याची कडी निकामी होते. कार्डावर या भागांना मोटरइतकी मुदत मिळेलच असं नाही. आणि ‘व्यावसायिक वापर वगळून’ ही ओळ अनेक कार्डांवर असते. केक विकत असाल, तर स्वयंपाकघर घरचं असलं तरी कंपनी त्याला धंदा म्हणू शकते. रोजच्या ऑर्डरी असतील, तर धंद्यासाठीच बनवलेला लहान प्लॅनेटरी मिक्सर बघा. तो महाग असतो आणि जडही.

पैसे भरण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि पिनकोड सांगा. धाराशिव शहराचा ४१३५०१. दुरुस्ती करणारा माणूस घरी येईल की यंत्र सोलापूरला, लातूरला किंवा थेट पुण्याला न्यावं लागेल, हे विचारा. गिअर आणि हुक सुटे मिळतात का आणि केवढ्याला, तेही विचारा आणि उत्तर ईमेलवर लिहून मागा.