पाळी कोणाची?

मुंबईच्या गोदीत पूर्वी मजुराला काम मिळे ते टोळीवाल्याच्या मर्जीने. 1948 चा गोदी कामगार कायदा आला, त्याखाली 1951 ची मुंबईची योजना आली, मजुरांची नोंदणी झाली आणि पाळीपाळीने काम देण्याची रीत बसली. संगणकाच्या जगात कामाची अशी वाटणी करणाऱ्या यंत्रणेला लोड बॅलन्सर म्हणतात. आम्ही आयुष्यभर कामाच्या वाटणीवरच भांडत आलो, तेव्हा हा विषय आम्हांस परका वाटला नाही.

वेंगुर्ल्यात बसून आपण सिंधुदुर्ग जिल्ह्याचे संकेतस्थळ उघडतो. देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेल्या एकाच सामायिक व्यवस्थेवर चालतात. अशा बिऱ्हाडांच्या चाळीत आलेला पाहुणा कोणाकडचा, हे कसे ओळखावे? ब्राउझर मागणीबरोबर संकेतस्थळाचे नावही धाडतो. 1997 च्या एचटीटीपी 1.1 पासून ते सक्तीचे झाले. बॅलन्सर ते नाव वाचून मागणी त्या संकेतस्थळासाठी नेमलेल्या सर्व्हरांकडे पाठवतो. अनोळखी नावाचे काय करायचे, हेही लिहून ठेवावे लागते; नाहीतर पुष्कळदा पहिल्याच बिऱ्हाडाचे दार उघडते आणि एकाच्या नावावर दुसऱ्याचे पान दिसते.

पुढे पाळी. पण सारखी पाळी म्हणजे सारखे ओझे नव्हे. एकाच्या पाठीवर कापूस येतो, दुसऱ्याच्या लोखंड. म्हणून ज्याच्या हाती त्या क्षणी सर्वांत कमी कामे, त्याला पुढचे द्यावे, अशी दुसरी रीत आहे. लांबणाऱ्या कामांत आम्ही तिलाच न्याय्य मानू.

खरी मेख हजेरीत आहे. एचएप्रॉक्सी या प्रसिद्ध बॅलन्सरात हजेरी चालू केली, की मुळात दर दोन सेकंदांनी ती घेतली जाते. लागोपाठ तीनदा उत्तर नाही आले तर सर्व्हर बाद, पुन्हा दोनदा आले की कामावर. मात्र साधी हजेरी दार उघडते का एवढेच पाहते. आत कोणी काम करतो की नाही, हे पाहत नाही. त्यातून एकाच सर्व्हरवर चार संकेतस्थळे असली आणि एक बंद पडले, तरी शेजाऱ्याच्या उत्तरावर त्याचीही हजेरी लागते! दाखला काढायला आलेला माणूस मात्र कोरे पान पाहून परत जातो. यासाठी प्रत्येक संकेतस्थळाची हजेरी त्याचे नाव घेऊन, खरे पान मागून घ्यावी.

एकाकडे दहावीच्या निकालाची झुंबड उडाली तर शेजारी उपाशी राहू नये, म्हणून प्रत्येकाच्या जोडण्यांना मर्यादा घालतात. आणि बॅलन्सरच कोसळला तर? जाणते लोक दोन ठेवतात. पहिला गप्प झाला, की दुसरा त्याचा पत्ता आपल्याकडे घेऊन काम चालू ठेवतो.