बुधवारची खोली

संपादकांना नाताळच्या अंकासाठी चर्चच्या घंटेवर लेख हवा होता. नगर जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावी गेले, घंटा पाहिली, वाजवूनही घेतली. पण रमले ते उपदेशपीठाच्या डाव्या अंगाच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत. रविवारी पाळकसाहेब तिथे झगा चढवतात, उपासनेनंतर दानाचे पैसे मोजले जातात. एरवी तिथे नाताळचा तारा, कर्णे आणि मोडक्या खुर्च्या असत. आता दर बुधवारी संध्याकाळी तिथे सात-आठ माणसं बायबल अभ्यासाला बसतात.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं. सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली ती इथलीच. मिशनच्या खेड्यांत शाळा आणि उपासना पुष्कळदा एकाच छपराखाली भरत. पुढे शाळा वेगळ्या झाल्या, आणि चर्चमध्ये उरली ती एकामागे एक लावलेली बाकं.

अभ्यासाचं अडत होतं ते या बाकांवरच. पुढच्याची पाठ बघत कुणी प्रश्न विचारत नाही. शिवाय दगडी भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. बोललेला शब्द असा घुमे की म्हाताऱ्यांना काही उमगत नसे. म्हणून ही खोली रिकामी करायचं ठरलं, आणि काम आलं मामांकडे. मामा दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी बसच्या बॉडी बांधल्या.

त्यांनी खोलीचं माप घेण्याआधी माणसांचं माप घेतलं. कुणाचे गुडघे वाकत नाहीत, कुणाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दार सगळ्यांच्या समोर येत होतं. त्यांनी बैठकच फिरवली आणि दार पाठीमागे घेतलं. “एसटीत मागनं कुणी चढलं तर माणसं वळून बघत्यात का? मग हितं उशिरा येणाऱ्याकडं का बघावं?” एकाला खुर्ची आणि दुसऱ्याला सतरंजी असं या मंडळीत चालणार नाही, म्हणून खाली कुणालाच बसवायचं नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दिवा डोक्यावर न ठेवता बाजूच्या भिंतीवर घेतला, म्हणजे वाचणाऱ्याचीच सावली पानावर पडत नाही. समोरच्या भिंतीवर बायकांनी शिवलेल्या जाड गोधड्या टांगल्या.

या गोधड्यांना शास्त्र आहे. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन या प्राध्यापकाने नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात मांडल्या आणि गाद्या वाढवत नेल्या की घुमारा किती लवकर विरतो ते मोजलं. मामांनी सॅबाइनचं नाव ऐकलेलं नाही. ते टाळी वाजवतात, कान देतात आणि आणखी एक गोधडी मागतात.

मी सगळ्यात जास्त वेळ पाहत राहिले ती टेबलाची फळी. खोली रविवारी मोकळी लागते, म्हणून टेबल भिंतीत गेलं पाहिजे. फळी भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली. उघडली की तिच्या पोटाला दुमडलेला एकच पाय खाली येतो आणि फरशीतल्या खाचेत बसतो. रुंदी मुद्दाम कमी ठेवलीय, म्हणजे तिन्ही बाजूंनी बसलेली माणसं जवळ येतात आणि कुणाला आवाज चढवावा लागत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पाय अडतो. मामा लगेच रंधा मारत नाहीत, दिवाळीपर्यंत थांबतात. ओलं लाकूड तासलं तर सुकल्यावर पाय सैल होतो.

मामांनी खोली बांधली, ती चालवतात निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई. आधी रिवाज होता की प्रत्येकाने आळीपाळीने एकेक वचन वाचायचं. बाईंच्या लक्षात आलं की एक आजी आपली पाळी यायच्या आत पाणी प्यायला उठतात. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या मनातल्या मनात माणसं मोजत बसायच्या. बाईंनी आळीपाळी बंद केली. आता ज्याला वाचायचं तो पुस्तक उचलतो. त्या आजींना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ आहेत. चर्चा अडली की बाई त्यांनाच विचारतात, टिळकांनी हे कसं म्हटलंय?

अडचणी मात्र खोलीपेक्षा मोठ्या आहेत. मामांना दोन जुनी बाकं कापून खुर्च्या करायच्या होत्या. त्यांवर देणगीदाराच्या आजोबांचं नाव निघालं आणि बाकं तशीच राहिली. भिंतीत खिळा मारायचा तरी कमिटीचा ठराव लागतो. पत्रा गळतो. तरुण पोरं पुण्याला, चाकणला. ती येतात नाताळला आणि अंत्यविधीला. खोलीची किल्ली दोघांकडेच, आणि ती दोघंही सत्तरीकडे झुकलेली.

सगळ्यात अवघड प्रश्न बाहेरून आला. शेजारच्या वस्तीतली दहावीची मुलं विचारतात, उरलेल्या दिवशी आम्ही अभ्यासाला बसू का? त्यांच्या घरी एकच खोली आणि टीव्ही. ती मुलं ख्रिस्ती नाहीत. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, दार उघडं ठेवायचं म्हणून तर खोली केली. दुसऱ्याला भीती, की गावात बोलणी होतील, धर्मात ओढायला जागा दिली म्हणतील. भीती निराधार नाही. मिशनच्या शाळांवरही हाच आरोप होता, आणि धर्म सांगायचा हेतू मिशनने कधी लपवलाही नव्हता. त्याच शाळांनी ज्यांना कुठेच प्रवेश नव्हता त्यांना पाटी दिली, हेही तितकंच खरं.

बाईंनी लेखी तोडगा मांडलाय: मुलांच्या वेळात प्रार्थना नाही, पुस्तिका नाहीत, आणि किल्ली मुलांच्याच पालकांपैकी एकाकडे. मला हा तोडगा खोलीतल्या सगळ्या सुतारकामाहून धाडसी वाटला. आपल्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची तयारी नसेल, तर गोधड्या आणि दिवे ही सगळी सजावटच ठरेल. कमिटीने निर्णय नाताळनंतरच्या बैठकीवर ढकलला आहे, आणि मुलांची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आहे.