संगणकाची नोकरी आणि घरची पाळी

नीरा भोरकडच्या सह्याद्रीत उगम पावते आणि तिच्या डाव्या कालव्यावर आपल्या सोमेश्वरनगरचा ऊस पिकतो. या नदीकाठची मुले-मुली संगणक अभियंता होऊन हिंजवडीस गेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्यांतील कित्येक घरी परतली आणि वीज व इंटरनेट असेल तर हे काम डोंगरातल्या वाडीतूनही होते, हे आपण पाहिले.

अंतराचा प्रश्न असा सुटला. वेळेचा मात्र उरला. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात, तेव्हा आपल्याकडे तिकडच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिकडची कचेरी उघडते ती नेमकी आपल्या दिवेलागणीला. माणूस घरात असतो, पण घरच्यांना लाभत नाही. सुनेची अडचण तर दुहेरी : ती घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असे आपण गृहीत धरतो.

कालव्याच्या पाण्याला आपण पाळी लावतो. नाहीतर टोकाचे शेत कोरडे राहते. वेळेलाही तशीच पाळी हवी. संध्याकाळ कचेरीला गेली, तर सकाळ घरासाठी राखावी. आणि कामाच्या तासांत सुनेला चुलीपाशी हाक मारू नये. घराची पाळी नेहमी शेवटी ठेवली, तर कोरडे राहणारे शेत घरच असते.